शून्य अंशाच्या द्राक्ष कोल्ड स्टोरेजमध्ये गरम न करता बर्फ कसा काढायचा?

निफाडची_पेटी

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंत भागातल्या एका द्राक्ष कोल्ड स्टोरेजबद्दल विचारायचं आहे. खोलीचं सेटिंग ० ते ०.५ अंश, आर्द्रता ९० च्या वर. माल भरलेला आहे, कंटेनर लागायला अजून वेळ आहे, त्यामुळे खोली रिकामी करून डिफ्रॉस्ट करणं शक्य नाही. बर्फ दोन ठिकाणी आहे.

१) दाराच्या आत, उंबऱ्याला लागून फरशीवर. साधारण दीड चौरस मीटर, जाडी २ सेंटिमीटर. हँड पॅलेट घसरतं, माणूस पडायची भीती आहे.

२) हवा थंड करणाऱ्या कॉइलखालच्या पॅनमध्ये आणि ड्रेन पाइपमध्ये. पाइप ४० मिलिमीटरचा पीव्हीसी आहे. तो तुंबला की पॅनमधलं पाणी खालच्या पेट्यांवर ठिबकतं.

उकळतं पाणी टाकलं की वाफ होते आणि ती छतावर आणि पुठ्ठ्याच्या पेट्यांवर बसते. भिंती पफ पॅनलच्या (आत फोम भरलेल्या) असल्यामुळे गॅसची ज्योत आत नेणार नाही. हीटगनही नको. खोलीचं तापमान न वाढवता, उष्णता न देता हा बर्फ वितळवायचा कसा? मीठ चालेल का, आणि किती?

फ्रिजमेकॅनिक_अंबड

भाऊ, आधी हिशेब बघा, म्हणजे कुठली पद्धत कुठे चालेल ते आपोआप ठरेल.

१ किलो बर्फाचं शून्य अंशावरच पाणी व्हायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ही गरज कोणत्याही रसायनाने कमी होत नाही. मीठ टाकलं तरी तेवढी उष्णता बर्फ कुठून तरी ओढून घेतोच: हवेतून, फरशीतून, शेजारच्या पाण्यातून. मीठ फक्त एक सोय करतं. खारट पाण्याचा गोठणबिंदू खाली असल्यामुळे बर्फ आणि पाण्याचा लगदा स्वतःच थंड होत जातो, आणि थंड झाला की शून्य अंशाच्या हवेतूनही त्याला उष्णता घेता येते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात जाडं मीठ घालतात ते याचसाठी. तिथे बर्फ वितळतो आणि तापमान मात्र उतरत जातं.

आता तुमची फरशी. दीड चौरस मीटर गुणिले २ सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर आकारमान, वजन साधारण २७ किलो. सगळा वितळवायचा तर सुमारे २२०० किलोकॅलरी, म्हणजे अडीच युनिट विजेइतकी उष्णता. मीठ घालून लगदा उणे ८ अंशांपर्यंत उतरला आणि वरची हवा शून्यावर असली, तर एवढ्या जागेतून हवा फार तर १०० ते १२० वॅट देईल. म्हणजे वीस तासांच्या वर वेळ. वर फरशीवर तीस लिटर खारं पाणी. याला अर्थ नाही.

म्हणून फरशीवरचा बर्फ वितळवू नका, सोडवा. वितळवायचा आहे तो फक्त फरशीला चिकटलेला खालचा पातळ थर. तेवढा सुटला की बाकीचा बर्फ पाट्याच्या पाट्या निघतो.

पद्धत अशी. बर्फात दर १० ते १५ सेंटिमीटरवर भोकं पाडा. लाकडाचं ड्रिल बिट आणि बॅटरीचं ड्रिल चालतं. किती खोल जायचं त्याची खूण म्हणून बिटाला टेप गुंडाळा आणि फरशीच्या ३-४ मिलिमीटर वर थांबा. प्रत्येक भोकात चमचाभर जाडं मीठ किंवा मिठाचं दाट पाणी घाला. खारं पाणी बर्फापेक्षा जड असल्याने ते खाली उतरतं आणि फरशीलगत पसरतं. अर्धा ते पाऊण तास थांबा, मग रबरी हातोड्याने ठोका आणि रुंद प्लास्टिकचं किंवा लाकडी पात्याचं खोरं फरशीला समांतर धरून घाला. मीठ एकूण अर्धा ते पाऊण किलोच्या वर लागू नये. जास्त लागत असेल तर भोकं खालपर्यंत पोचलेली नाहीत असं समजा.

वरून मीठ शिंपडलं तर काय होतं? वरचा थर ओलसर होतो, खड्डे पडतात, पण चिकटलेला थर तसाच राहतो. मग लोक आणखी मीठ ओततात.

पहार, टिकाव, छिन्नी नको. फरशीखाली इन्सुलेशन आहे. वरच्या थराला तडा गेला की पाणी आत मुरतं, तिथे गोठतं आणि फरशी उचलली जाते.

रसायन_सातपूर

वरचं सगळं बरोबर. मी फक्त कोणतं रसायन कुठे चालतं ते लिहितो, कारण दुकानात मिळतं म्हणून काहीही आणून टाकलं जातं.

साधं मीठ: ५ टक्के द्रावण उणे ३ अंशांना गोठतं, १० टक्के उणे साडेसहाला, १५ टक्के उणे अकराला, २० टक्के उणे साडेसोळाला. गोठणबिंदूचा तळ उणे २१ अंशांवर, वजनाने सुमारे २३ टक्क्यांना. त्याहून जास्त मीठ घालून फायदा नाही, उलट गोठणबिंदू परत वर यायला लागतो. शून्याच्या खोलीला साधं मीठ पुरेसं आहे. उणे १८ च्या डीप फ्रीझमध्ये मात्र ते जवळजवळ निकामी. तिथे किलोभर बर्फाला पाव किलोच्या वर मीठ लागेल आणि वेगही नसेल.

कॅल्शियम क्लोराइड: फ्लेक्सच्या गोणीत ७७-७८ टक्क्यांचा माल येतो. विरघळताना हे स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे सुरुवात झपाट्याने होते आणि ३० टक्क्यांचं द्रावण उणे ५० च्या आसपासपर्यंत द्रव राहतं. पण शून्याच्या खोलीत त्याची गरज नाही. हवेतली ओल ओढून घेण्याचा गुण असल्याने फरशीवर तेलकट, ओला थर राहतो आणि तो वाळतच नाही, म्हणजे तुमची घसरण कायम. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळू नका.

मॅग्नेशियम क्लोराइड: तळ उणे ३३. कातडीला जरा सौम्य, धातूला आणि काँक्रीटला नाही.

प्रोपिलीन ग्लायकॉल, फूड ग्रेड: क्लोराइड नाही, वास नाही. वजनाने ३० टक्के द्रावण उणे १३ च्या आसपास गोठतं, ४० टक्के उणे २१ ला. महाग आहे आणि थंडीत घट्ट होतं, त्यामुळे फरशीला वापरणं परवडत नाही. पॅन आणि ड्रेनसाठी मात्र हेच. विकत घेताना डब्यावरचं नाव नीट वाचा. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड असतं, गाडीच्या कूलंटमध्ये तेच असतं. खाण्याच्या मालाच्या खोलीत त्याचा थेंबही नको.

स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल: बर्फावर झटपट काम करतं. पण बंद खोली, फॅनच्या मोटरी, काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ठिणग्या आणि त्यात अल्कोहोलची वाफ, हे एकत्र आणायचं नाही. द्राक्षाला वास लागेल ती गोष्ट वेगळीच.

कोणतंही क्लोराइड कॉइलवर, ॲल्युमिनियमच्या फिन्सवर (कॉइलच्या पातळ पात्यांवर), जीआय पत्र्याच्या पॅनवर किंवा पॅनलच्या खालच्या कडेवर जाऊ देऊ नका. फिन्स पांढऱ्या पडून भुगा होतात, तांब्याच्या नळीच्या जोडाशी ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. फरशीत लोखंडी जाळी असेल तर क्लोराइड भेगांतून तिथपर्यंत पोचतं. म्हणून मीठ वापरलं की शेवटी साध्या पाण्याने पुसून, वायपरने ओढून, कोरड्या फडक्याने फरशी टिपायची. ही पायरी टाळली तर मीठ वापरूच नका.

निफाडची_पेटी

दोघांचेही आभार. भोकं पाडून मीठ खाली सोडायचं, हे लक्षात आलं. गोडाऊनला युरियाच्या गोण्या पडलेल्या आहेत. युरियानेही बर्फ वितळतो असं ऐकलं, त्याने लोखंड गंजत नाही म्हणे. तो वापरावा का?

रसायन_सातपूर

नको. वितळतो हे खरं, पण तळ उणे १२ च्या जवळ आणि त्यासाठी द्रावण ३२ टक्क्यांचं करावं लागतं, म्हणजे मिठापेक्षा कितीतरी जास्त माल. क्लोराइड नसल्यामुळे धातूला मिठापेक्षा सौम्य, एवढाच फायदा. शेतीचा युरिया निमकोटेड असतो, त्याचा वास बंद खोलीत राहील. धुतलेल्या पाण्यातून नत्र जिथे जाईल तिथे शेवाळ आणि अमोनियाचा वास. आणि अनुदानाचा शेतीचा युरिया शेतीबाहेरच्या कामाला वापरणं खत नियंत्रण आदेशाप्रमाणे बेकायदा आहे.

विज्ञानवर्ग_गंगापूररोड

विषयाला जोडून विचारते. दाब देऊनही बर्फ वितळतो ना? शाळेत बर्फाच्या लादीवर वजन बांधलेली तार ठेवून ती लादीतून आरपार जाते आणि वरचा बर्फ परत जुळतो, असा प्रयोग दाखवतात. फरशीवर तसं काही जमणार नाही का?

रसायन_सातपूर

ताई, दाबाने गोठणबिंदू उतरतो हे जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये मांडलं आणि त्यांचे भाऊ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पुढच्याच वर्षी प्रयोगाने पडताळलं. पण आकडा फार लहान आहे. एका वातावरणाच्या दाबाला ०.००७५ अंश. म्हणजे १ अंश उतरवायला सुमारे १३५ पट हवेचा दाब. हातोड्याने ठोकल्यावर जो बर्फ निघतो तो तुटून निघतो, दाबाने वितळून नाही.

तारेच्या प्रयोगातही दाबाइतकाच धातूच्या तारेतून बाहेरून येणाऱ्या उष्णतेचा वाटा असतो. वर्गात शेजारी तेवढ्याच जाडीची नायलॉनची दोरी आणि तेवढंच वजन लावून दाखवा. तांब्याची तार बरीच पुढे निघून जाते, कारण नायलॉन उष्णता नीट वाहून नेत नाही. मुलांना दोन्ही कारणं एकत्र दिसतात.

पाइपलाइन_ओझर

ड्रेनबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते तुमचा मोठा धोका तोच आहे. फरशीवर माणूस सावध चालू शकतो, पेट्यांवर ठिबकणारं पाणी कोणाला दिसत नाही.

ड्रेनला मीठ नको. साधं बोअरचं पाणी वापरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडचं बोअरचं पाणी २० अंशांच्या खाली सहसा नसतं. २० अंशांचं १ लिटर पाणी शून्यापर्यंत उतरताना २० किलोकॅलरी देतं, म्हणजे पाव किलो बर्फ वितळतो. सोपा हिशेब: १ किलो बर्फाला ४ लिटर. ४० मिलिमीटरचा पाइप मीटरभर गच्च भरला असला तरी त्यात सव्वा किलोच्या आतच बर्फ असतो. एक बादली पाणी पुष्कळ झालं. एवढ्या पाण्याची वाफ होत नाही आणि त्याची उष्णता बर्फच खाऊन टाकतो, खोलीला काही जात नाही.

अडचण पाणी बर्फापर्यंत पोचवण्याची असते. वरून पॅनमध्ये पाणी ओतलं तर ते बर्फाच्या बुचावर शून्य अंशाचं होऊन पडून राहतं, नवं पाणी तिथे जातच नाही. त्यासाठी गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, ८ मिलिमीटरची, २-३ मीटर.

पहिल्यांदा खोलीच्या बाहेरून प्रयत्न करा. बाहेरचा यू-ट्रॅप (पाणी अडून राहणारं पाइपचं वळण) किंवा युनियन (खोलता येणारा जोड) खोला आणि नळी पाइपमध्ये बर्फाला टेकेपर्यंत सरकवा. दुसऱ्या टोकाला नळाचं पाणी मंद धारेने सोडा. उतार बाहेरच्या बाजूला असल्याने वापरलेलं पाणी आपोआप बाहेर येतं आणि ताजं पाणी सतत बर्फावर आदळतं. बर्फ मागे सरकेल तशी नळी पुढे ढकलत राहा. खाली मोठं टोपलं ठेवा आणि तोंडासमोर उभे राहू नका, कारण बूच सुटलं की पॅनमध्ये साठलेलं सगळं पाणी एकदम येतं.

बाहेरून जमत नसेल, मध्ये दोन एल्बो असतील, तर आतून पॅनच्या तोंडातून हेच करा. पाणी उलट पॅनमध्येच येईल, ते मगाने किंवा स्पंजने काढत राहावं लागतं. खालच्या पेट्या आधी हलवा किंवा वर ताडपत्री घाला. फॅनचा एमसीबी बंद केल्याशिवाय पॅनजवळ पाणी नेऊ नका. त्या युनिटचा सोलेनॉइड (गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद करून कॉइल थांबवा. दार बंद असेल तर तेवढ्या वेळात द्राक्षाच्या गराचं तापमान फारसं हलत नाही. थर्मामीटर मण्यात खुपसून खात्री करत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत झालं नाही तर थांबा, युनिट परत चालू करा, दुसऱ्या फेरीत बाकीचं करा.

पाइप मोकळा झाला की पॅनमध्ये अर्धा लिटर ग्लायकॉल-पाणी, निम्मं-निम्मं, सोडा. कोपऱ्यात राहिलेलं पाणी लगेच गोठत नाही. हे रोज करायचं काम नव्हे. रोज लागत असेल तर पाइपची मांडणी चुकली आहे.

मांडणीत तीन गोष्टी पाहा. यू-ट्रॅप खोलीच्या आत असेल तर त्यातलं पाणी गोठणारच, तो बाहेर हवा. ट्रॅपच नसेल तर बाहेरची दमट हवा पाइपमधून आत ओढली जाते आणि पाइपच्या तोंडाशी बर्फ धरते. आणि आतल्या पाइपला मीटरला ४ सेंटिमीटर तरी उतार हवा. क्लॅम्प सैल होऊन मध्ये झोळ पडला की पहिलं बूच तिथेच बसतं.

पॅनमधला बर्फ खरवडायला स्क्रू ड्रायव्हर, सुरी काही नको. कॉइलच्या नळीला बारीक भोक पडलं की गॅस गेला. अमोनियाचा प्लांट असेल तर माणसं बाहेर काढावी लागतील आणि मालही जाईल.

फ्रिजमेकॅनिक_अंबड

पाइपलाइनवाल्यांना एकच जोड. डिफ्रॉस्ट संपल्यावर फॅन लगेच चालू होत असेल तर फिन्सवरचे थेंब उडून पॅनच्या कडेला आणि फरशीवर पडतात. कंट्रोलरमध्ये ड्रिप टाइम (पाणी निथळायचा वेळ) २-३ मिनिटं आणि फॅन डिले (फॅन उशिरा सुरू होण्याचं सेटिंग) तपासा. डिफ्रॉस्ट फक्त वेळेवर संपत असेल तर कॉइलवर सेन्सर लावून ८-१० अंशांना संपेल असं करा. अर्धवट वितळलेला बर्फ परत गोठला की काचेसारखा घट्ट होतो आणि पुढच्या डिफ्रॉस्टला दुप्पट त्रास देतो.

बऱ्याच जणांना वाटतं की कॉइल बंद करून नुसते फॅन फिरवले की झालं. ते ४-५ अंशांच्या भाजीपाल्याच्या खोलीत चालतं. तुमची हवाच शून्याची आहे, ती बर्फाला काय देणार?

आता मूळ प्रश्न. तुमच्या खोलीचं तापमान खरंच ० ते ०.५ असेल तर फरशीवर २ सेंटिमीटर टणक बर्फ साचायला नको, तिथे ओल आणि लगदा दिसायला हवा. टणक बर्फ म्हणजे त्या जागी उणे २ च्या आसपासची हवा पडते आहे. दोन शक्यता. एक, कॉइलचा झोत थेट दाराकडे जातो, सेन्सर मात्र परतीच्या हवेत आहे. दोन, सेन्सरच चुकीचं दाखवतो. दुसरी लगेच तपासा. पिण्याच्या पाण्याचा बर्फ बारीक करून थर्मासमध्ये गच्च भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच थंड पाणी घाला, ढवळा, सेन्सर मधोमध धरा, तळाला टेकवू नका. चार-पाच मिनिटांनी ० दिसलं पाहिजे. १ दाखवत असेल तर तुमची खोली सेटिंगपेक्षा अंशभर थंड चालते आहे. द्राक्षात देठ मण्यांच्या आधी गोठतात. झोताच्या समोरच्या पेट्या उघडून देठ काचेसारखे, पारदर्शक दिसतात का ते आजच बघा. बर्फापेक्षा हे तातडीचं आहे.

आणि पाणी येतं कुठून? मार्चच्या दुपारी ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रता धरली तर बाहेरच्या एका घनमीटर हवेत जवळपास १२ ग्रॅम पाणी असतं. शून्य अंशाच्या हवेत ५ ग्रॅमसुद्धा मावत नाही. दारातून आत आलेला प्रत्येक घनमीटर ७ ग्रॅम पाणी उंबऱ्याजवळ टाकतो. स्ट्रिप कर्टनच्या (दारातल्या प्लास्टिकच्या पडद्याच्या) पट्ट्या एकमेकींवर निम्म्या तरी चढलेल्या हव्यात. तुटलेल्या किंवा बांधून वर केलेल्या पट्ट्या म्हणजे उघडं दारच. गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) तपासायला दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर तिथून हवा येते. खालची कडा आधी तपासा, हँड पॅलेटच्या धडकांनी तीच फाटते. माल भरणं-काढणं पहाटे किंवा रात्री ठेवलं तर फरक लगेच दिसतो.

निफाडची_पेटी

सेन्सर थर्मासमध्ये तपासला, ०.९ दाखवतो. झोतासमोरच्या वरच्या थरातल्या पेट्या मागे घेतल्या, देठ ठीक आहेत. सेटिंग दुरुस्त केलं. ड्रेनचं काम बाहेरून नळीने सुरू आहे. शेवटचं विचारतो: फरशी धुतलेलं मिठाचं पाणी मागच्या बांधावरच्या चारीत सोडलं तर चालेल का? चारी पुढे बागेच्या कडेने जाते.

बागायतदार_दिंडोरी

अजिबात नको. द्राक्षवेल क्लोराइडला फार हळवी असते. मुळांत मीठ साचलं की पानांच्या कडा करपतात, करपा आतल्या बाजूला सरकतो आणि पान गळतं. आपल्या काळ्या जमिनीत निचरा कमी, त्यामुळे गेलेलं मीठ लवकर धुऊन निघत नाही. एकदाच अर्धा किलो गेल्याने बाग जाणार नाही, पण दर हंगामात त्याच चारीत तेच पाणी गेलं तर कडेच्या ओळींवर दिसायला लागेल. विहिरीच्या बाजूलाही नको.

मुळात पाणीच कमी करा. सुटलेल्या बर्फाच्या पाट्या वितळायच्या आधी घमेल्यात भरून बाहेर काढा, त्यात मीठ फारसं नसतं. खारट राहतो तो खालचा लगदा. उंबऱ्याला आडवं गोणपाट गुंडाळून ठेवा म्हणजे तो पॅलेटखाली पसरणार नाही, वायपरने एका जागी ओढा आणि सुपलीने बादलीत भरा. दोन बादल्यांच्या वर होऊ नये. ते पाणी सिमेंटच्या पक्क्या जागी पसरून उन्हात वाळवा आणि राहिलेलं मीठ झाडून गोणीत भरा. पुढच्या वेळी भोकांत घालायला तेच चालतं, फक्त कोरडं आणि खडीविरहित असू द्या.

पाइपलाइन_ओझर

आणि ते मीठ वाळवायची जागा कंडेन्सरच्या (खोलीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या) फॅनपासून लांब ठेवा. धूळ उडून कंडेन्सरच्या फिन्सवर बसली तर जे आत टाळलं तेच बाहेर होईल.